परदेशात खरचटलं तर काय करता? (बाबांच्या चपला आणि आईचा औषधांचा डबा)

मांजराकाठ | १२ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चाललीय म्हणून इथं टाकतोय.

आई-बाबा (वय ५९ आणि ६६, मुक्काम केज) २० मेला धाकट्याकडं जर्मनीत श्टुटगार्टला चाललेत. सहा आठवडे. मधले दहा दिवस इटली आणि स्वित्झर्लंड. बाबांना चौदा वर्षांपासून शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळीही चालू आहे. आणि माणूस आयुष्यभर चपलेवर फिरलेला. बूट म्हणजे लेकाच्या लग्नात घालायची वस्तू.

मोठ्या आजारपणाची मला तेवढी भीती नाही. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढावाच लागतो, तो काढलाय. भीती बारक्या गोष्टींचीच आहे: ठेच, फोड, खरचटणं. कारण स्वतःचा अनुभव.

दोन वर्षांमागं आम्ही चौघं मित्र फुकेतला गेलो होतो. भाड्याच्या स्कूटीवरून उतरताना माझी पोटरी सायलेन्सरला चिकटली. ती सोडवायच्या नादात तोल गेला आणि कोपर रस्त्यावर घासलं, चार बोटं रुंद साल निघाली. एका मित्रानं भाजलेल्यावर टूथपेस्ट थापली. दुसऱ्यानं कोपरावर आफ्टरशेव्ह ओतलं. तिसरा म्हणाला, खाऱ्या पाण्यानं जखम लवकर भरते, म्हणून संध्याकाळी समुद्रात. तिसऱ्या दिवशी कोपर टम्म सुजलं, पू धरला. परतीच्या विमानात ठणका लागू नये म्हणून हात वर धरून बसलो, तर हवाई सुंदरी चारदा विचारायला आली, काय हवंय म्हणून. पुढं तीन आठवडे ड्रेसिंग.

तर आता आईनं भरलेला डबा असा: हळद पाव किलो, सोफ्रामायसिन, डेटॉलची मोठी बाटली, कापूस, आणि आजोबांचं जुनं धोतर फाडून केलेल्या पट्ट्या. यातलं काय ठेवावं, काय काढावं, आणि तिथं डॉक्टरकडं कधी पळावं? अनुभव सांगा.

---

गोदाकाठचा गणप्या | १२ एप्रिल, रात्री ९:५२

धोतराच्या पट्ट्या बांधून इटलीत फिरवू नका बाबांना. संग्रहालयवाले ममी म्हणून आत ठेवून घेतील.

---

हिंगोलीची हळद | १२ एप्रिल, रात्री १०:१५

आईंनी हळद घेतली हे एकदम बेस केलं. डेटॉल काढा, हळद राहू द्या. आमच्या वसमतची असेल तर उत्तमच.

हळदीला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी एक गोष्ट आठवावी. १९९५ मध्ये अमेरिकेत 'जखम भरायला हळद' या शोधाचं रीतसर पेटंट दिलं गेलं होतं, मिसिसिपी विद्यापीठाच्या नावानं. आपली सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था, तेव्हा माशेलकर सर तिचे महासंचालक होते, लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं त्याचा शोध म्हणे तिकडं लागला होता! आणि आता त्याच आज्यांच्या नाती विचारणार, हळद न्यावी का?

---

बालाघाटचा बुवा | १२ एप्रिल, रात्री १०:३१

मह्या पायाला औताचा फाळ लागला व्हता, धा वर्साचा असंल मी. बापानं चिमूटभर माती दाबली, वरून कंबरमोडीचा पाला चोळून रस पिळला, अन् दुपारच्याला परत औतामागं. आज अडुसष्ट वर्साचा हाय. काय बी झालं नाय. तुमी पोरं खरचटलं की धागा काढता.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १२ एप्रिल, रात्री ११:२०

बुवा, जखम खोल असेल तर धागा काढायच्या आधी टाकावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता मातीबद्दल. तुम्हाला काही झालं नाही, आनंद आहे. पण ज्यांना झालं ते इथं लिहायला येत नाहीत. मी शिकत असताना आमच्या वॉर्डाच्या टोकाला एक खोली कायम पडदे ओढून अंधारी ठेवलेली असायची. धनुर्वाताच्या पेशंटला उजेड आणि आवाज सोसत नाही, भांडं पडलं तरी अंगाची कमान होते. त्यातल्या एका शेतकऱ्याच्या पायाला नखाएवढी जखम होती, आणि तिच्यात अशीच चिमूटभर माती. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतातच, केजच्या मातीत असतात तसे श्टुटगार्टच्याही.

म्हणून मांजराकाठ, पहिलं काम डब्याचं नाही, इंजेक्शनचं. दोघांना विचारा, धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा लहानपणीचा डोस झालेलाच नसतो. तसं असेल तर एका सुईनं भागत नाही, महिन्याच्या अंतरानं दुसरी लागते, म्हणून आत्ताच सुरुवात करा. पूर्वी पूर्ण झाला असेल तर दर १० वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम घाण असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर पुन्हा. आपल्याकडं दर खरचटण्याला 'टीटी मारून घ्या' म्हणतात, तेवढं लागत नाही.

हळद. पेटंटची गोष्ट खरी आहे, पण ते रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही' म्हणून. मसाल्याच्या डब्यातली हळद उघड्या जखमेत भरा, असा निकाल कुणी दिलेला नाही. ती हळद गिरणीत दळलेली, पोत्यात ठेवलेली, पन्नास हातांतून आलेली असते. आणखी एक अडचण कुणी सांगत नाही: जखम पिवळी झाली की भोवतीची लाली पसरतेय का ते दिसतच नाही. चिघळण्याची पहिली खूण तीच असते.

आता मुख्य. खरचटल्यावर सगळ्यात मोठं औषध म्हणजे नळाचं पाणी. आधी आपले हात साबणानं धुवायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरायचं, घड्याळ लावून १० मिनिटं, आणि मध्ये उचलून बघायचं नाही! बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यांच्यासाठी १५ धरा. मग वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं जखम धरायची, कडेनं साबण लावायचा, खडी-माती राहिली असेल तर ओल्या गॉजनं हळूच पुसून काढायची. जिथलं पाणी प्यायला चालतं ते जखमेलाही चालतं. नसेल चालत तर बाटलीबंद पाणी. मग व्हॅसलीनचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी, रोज बदलायची, ओली झाली तर लगेच.

डेटॉल, स्पिरिट, आफ्टरशेव्ह, फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही उघड्या मांसावर नको. जंतूंबरोबर नवी येणारी कातडीही जळते. बेटाडिन पहिल्या दिवशी एकदा लावलं तर हरकत नाही. रोज बदाबदा ओतायचं नाही.

---

लातूर एक्सप्रेस | १२ एप्रिल, रात्री ११:३४

डॉक्टरसाहेब, दहा मिनिटं नळ सोडून जखम धुवायची? २०१६ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. तेव्हा दहा मिनिटं नळ सोडला असता तर शेजाऱ्यांनीच नवी जखम केली असती.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १२ एप्रिल, रात्री ११:४१

पाण्याच्या स्वच्छ पिशवीला टोक पाडून बारीक धार मारली तरी चालतं. लातूरकरांना सवलत.

---

अजिंठ्याची आक्का | १३ एप्रिल, सकाळी ७:०५

पण डॉक्टर, जखम झाकली तर ओल धरून चिघळते ना? आमच्या घरी तर नेहमी 'वारं लागू दे, खपली धरू दे'. आणि सोफ्रामायसिनचं काय? ते तर प्रत्येक घरात असतं.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १३ एप्रिल, दुपारी २:१०

आक्का, हा समज माझ्या आईचाही आहे, तिच्याशी अजून जिंकलेलो नाही. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांवर प्रयोग केला. सारख्या जखमा, काही उघड्या, काही पातळ आवरणाखाली. झाकलेल्यांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. खपली म्हणजे रस्त्यात आडवा दगड, नव्या कातडीला तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. ओल हवी ती जखमेची स्वतःची. घामानं भिजलेली पट्टी तीन दिवस तशीच ठेवली तर चिघळणारच.

सोफ्रामायसिन एक ट्यूब न्या, गुन्हा नाही. पण धुतलेल्या साध्या खरचटण्याला तेही लागत नाही. आणि ते ज्या घराण्यातलं आहे त्या, म्हणजे निओमायसिनच्या घराण्यातल्या औषधांची अॅलर्जी बऱ्याच जणांना असते. मलम लावल्यावर खाज सुटून लाली वाढली तर मलम वाढवू नका, थांबवा.

---

परळी पॅसेंजर | १३ एप्रिल, दुपारी ३:२५

थोडं विषयांतर, पण नेपाळही परदेशच की.

दोन वर्षांमागं गावातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथची बस गेली. बेचाळीस माणसं, दोन आचारी, पिठाची पोती. काठमांडूत स्वयंभूनाथाच्या पायऱ्यांवर आमच्या मामीच्या हातातली प्रसादाची पिशवी माकडानं ओढली आणि मनगटावर ओरखडा काढला. रक्त आलं थोडंसं. मामी म्हणाली, हनुमानाचा प्रसाद आहे, हात जोडले. बसमध्ये कुणीतरी चुना लावला, कुणी तंबाखूची चिमूट. व्यवस्थापक म्हणाला, पुढच्या मुक्कामी बघू. पुढचा मुक्काम पोखरा, मग मुक्तिनाथ, मग सोनौली. इंजेक्शन बघायला मिळालं ते नवव्या दिवशी, गावी परतल्यावर. सुदैवानं काही झालं नाही, पण नंतर वाचलं आणि रात्रभर झोप नाही लागली.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १३ एप्रिल, रात्री ९:००

हे विषयांतर नाही हो, धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट हीच आहे.

कुत्रं, माकड, मांजर, वटवाघूळ, यांचा चावा किंवा नख हे खरचटणं समजायचंच नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. चुना, मिरची, तंबाखू काही नाही. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर जखमेत आणि भोवती दुसरं इंजेक्शनही लागतं, इम्युनोग्लोबुलिनचं. काठमांडूत टेकू भागातलं शुक्रराज रुग्णालय या कामासाठी प्रसिद्ध आहे. डोस ०, ३, ७ असे दिवस धरून असतात, तिथं सुरू करून उरलेले गावी घेता येतात, फक्त कागद जपा. बाली, थायलंड, व्हिएतनामला जाणाऱ्यांनीही हे वाचा. माकडाबरोबर सेल्फी काढायला लोक तिकडं मुद्दाम जातात. रेबीज एकदा उमटला की उपाय नाही. मुक्तिनाथ पुढच्या वर्षीही तिथंच असतो.

---

घड्याळ टॉवर | १३ एप्रिल, रात्री १०:१८

मांजराकाठ भाऊ, तुमच्या वालिदांना शुगर आहे म्हणून लिहितो. मागच्या वर्षी मी अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो होतो. तिलाही शुगर, वीस वर्षांची.

हरमच्या, म्हणजे मक्केच्या मोठ्या मशिदीच्या आत तवाफ (काबाभोवतीच्या फेऱ्या) अनवाणी करतात. तिथला पांढरा संगमरवर उन्हातही गार राहतो, ग्रीसमधल्या थासोस बेटावरून आणलेला आहे म्हणतात. अडचण बाहेर झाली. लाखो चपलांत अम्मीच्या चपला हरवल्या. मी म्हटलं, तू सावलीत बस, मी नव्या आणतो. मी येईपर्यंत ती तशीच हॉटेलकडं निघाली होती, भर दुपारी, डांबरी रस्त्यावरून. मी विचारलं, पाय भाजले नाहीत? म्हणाली, नाही बेटा, काहीच कळलं नाही.

तेच तर. तिला कळतच नव्हतं. रात्री मोजे काढले तर दोन्ही तळव्यांना फोड. एक फुटलेला. तिथल्या डॉक्टरनं बघून पहिला प्रश्न विचारला, रोज पाय कोण बघतं? मी गप्प. आता औरंगपुऱ्यातल्या घरी रोज इशाच्या नमाजनंतर माझी बायको नाहीतर मी तिचे तळवे बघतो. तेव्हापासून आम्ही प्रवासात कापडी पिशवी गळ्यात अडकवतो, चपला त्यात.

---

अजिंठ्याची आक्का | १३ एप्रिल, रात्री १०:२६

वाचून पोटात गोळा आला. बरी आहे ना अम्मी?

---

घड्याळ टॉवर | १३ एप्रिल, रात्री १०:३०

हो आक्का, दीड महिना लागला. आता शेवया पाठवल्यात तिनं, पत्ता द्या.

---

गोदाकाठचा गणप्या | १३ एप्रिल, रात्री १०:३१

पत्ता घ्या: गोदाकाठ, तिसरं झाड. अम्मीला सलाम सांगा.

---

रात्रपाळी | १४ एप्रिल, पहाटे ४:५०

उदगीरची आहे, गेली सहा वर्षं जर्मनीत नर्स. आत्ताच ड्यूटीवरून आले, धागा पाहिला आणि झोप बाजूला ठेवली.

पहिली गोष्ट, रविवार. रविवारी इथं सगळं बंद. मेडिकलही. लाल रंगातलं मोठं 'ए' अक्षर दिसलं की ते मेडिकल, अपोथेके म्हणतात. पाळीपाळीनं एखादं उघडं असतं आणि आज कोणाची पाळी ते प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. रात्रीचा २.५० युरो आकार वेगळा. साधी मलमपट्टी सगळी मिळते, पण अँटिबायोटिक गोळ्या चिठ्ठीशिवाय कुणी देणार नाही, कितीही गयावया करा. 'भैया, तीन दिवसांचा कोर्स द्या' हा प्रकार विसरा. डॉक्टरची वेळ नसताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७ फिरवायचा. जिवावरचं असेल तर ११२, तो इटलीतही चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिका १४४. इटलीत मेडिकलची खूण हिरवा क्रॉस.

दुसरी, जखमेवर इथं ऑक्टेनिसेप्ट नावाचा फवारा सर्रास वापरतात, झोंबत नाही, म्हाताऱ्या माणसांना आवडतो. वरवर मारायचा, खोल भोकात पिचकारी सोडायची नाही.

तिसरी, हळद. आमच्याकडं एक पंजाबी काका आले होते, नडगीला हळद-तूप भरून. आमच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं सगळा पू आहे. अर्धा तास धुतलं. काका ओरडतायत 'मसाला है, मसाला है', आणि मी दुभाषी.

चौथी, फोडांसाठी इथं जाड, जेलीसारख्या पट्ट्या मिळतात, त्या आठवडाभर चिकटून राहतात. शुगरवाल्यांनी मनानं लावू नयेत, खाली काय चाललंय ते दिसत नाही.

आणि गंमत. चिकटपट्टीला जर्मन शब्द आहे 'प्फ्लास्टर'. इथल्या दगडी फरसबंदीच्या रस्त्यालाही 'प्फ्लास्टर'च म्हणतात. पाडणाराही तोच, झाकणाराही तोच.

---

मोसंबीवाला | १४ एप्रिल, सकाळी ८:१२

ताई, त्या फरसबंदीनं आम्हालाही पाडलंय. शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात आम्ही जालन्याचे सहा जण हॉलंडला गेलो होतो. ग्रीनहाऊस बघायला गेलो आणि मी पडलो सायकलवाल्यांच्या लाल पट्ट्यावर. बाईनं घंटी वाजवली, मला वाटलं आईस्क्रीमवाला आला. तळहात, गुडघा दोन्ही सोलपटले. तिनं सायकल उभी केली, पिशवीतून पट्टी काढून लावली, आणि मग पाच मिनिटं झापलं. भाषा कळली नाही, पण शिवी कळते माणसाला.

बुटांबद्दल: विमानतळावर जाताना नवे बूट घालणारा माणूस म्हणजे लगीनघाईत विहीर खोदणारा. महिना-दीड महिना आधी घ्या आणि रानात, बाजारात, सगळीकडं घालून फिरा.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १४ एप्रिल, सकाळी ९:४०

आणि संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. पायात घालण्याआधी रोज हात घालून आत खडा, शिवण, काही टोचतंय का बघायचं. फोड आला तर फोडायचा नाही. पाय गरम पाण्यात शेकायचे नाहीत, शुगरवाल्याला चटका कळत नाही.

---

न्यू जर्सीचा नांदेडकर | १४ एप्रिल, रात्री ९:१५

अमेरिकेत येणाऱ्या आईबापांसाठी दोन ओळी. माझ्या सासऱ्यांनी नारळ फोडताना तळहातात सुरी घुसवून घेतली. मी घाबरून मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. तीन टाके. बिल आलं त्यात गावाकडं म्हैस आली असती, आणि विम्यात वरची ठरावीक रक्कम आपणच भरायची अट होती, ती मी सही करताना वाचलीच नव्हती. नंतर कळलं, साध्या टाक्यांसाठी कोपऱ्यावरचं 'अर्जंट केअर' पुरलं असतं. विम्याच्या कागदात 'डिडक्टिबल' शब्द शोधा आणि आकडा बघा. बारक्या जखमांचा खर्च बहुधा त्याच्या आतच मावतो, म्हणजे आपल्याच खिशातून.

---

परळी पॅसेंजर | १४ एप्रिल, रात्री ९:३३

नारळ कशाला फोडत होते?

---

न्यू जर्सीचा नांदेडकर | १४ एप्रिल, रात्री ९:४०

माझी नवी गाडी आली होती.

---

हिंगोलीची हळद | १४ एप्रिल, रात्री १०:०२

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य, पण आमच्या आजीनं हळदीवर शंभर जखमा बऱ्या केल्या, त्याचं काय? प्रत्येक गोष्टीला डुकराचा प्रयोगच लागतो का? आणि व्हॅसलीन काय आपल्या रानात उगवतं?

---

बिनपाटीचा डॉक्टर | १४ एप्रिल, रात्री १०:२५

आजी जखम आधी धुवायची का?

---

हिंगोलीची हळद | १४ एप्रिल, रात्री १०:३१

धुवायची. रिठ्याच्या पाण्यानं, चांगली खसाखसा.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १४ एप्रिल, रात्री १०:३३

मग माझा आजीशी काही वाद नाही.

---

चालक | १५ एप्रिल, सकाळी १०:००

शेवयांचे पत्ते व्यक्तिगत निरोपात द्या. हळद विरुद्ध व्हॅसलीन यावर वेगळा धागा काढा. दोन प्रतिसाद उडवले आहेत, कुणाचे ते त्यांना माहीत आहे.

---

मांजराकाठ | १५ एप्रिल, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. आज आईसमोर बसून धागा मोठ्यानं वाचला. माकडाच्या गोष्टीपाशी तिनं टीव्ही बंद केला. अम्मींच्या गोष्टीपाशी बाबांनी हळूच पाय वर घेऊन तळवे बघितले.

डब्यातून डेटॉल आणि धोतर बाहेर. आत गॉज, न चिकटणाऱ्या पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, व्हॅसलीन, बेटाडिनची छोटी ट्यूब, चिमटा, साबणाची वडी. कात्री मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत राहिली तर काढून घेतात. हळद आईनं काढली नाही, 'भाजीला लागते' म्हणाली. दोघांना आजपर्यंत धनुर्वाताची एकच लस माहीत होती, ती आईची, माझ्या वेळची. पहिला डोस उद्या, दुसरा निघायच्या आधी.

एक राहिलं: डॉक्टरकडं कधी पळायचं ते बाबांना समजेल असं सांगा.

---

बिनपाटीचा डॉक्टर | १५ एप्रिल, रात्री ९:१०

जखमेच्या कडा तोंड उघडल्यासारख्या दिसल्या, १५ मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, आत काच किंवा काटा राहिला, बोट बधिर झालं, किंवा जनावर चावलं, तर त्याच दिवशी. टाके शिळ्या जखमेला नीट बसत नाहीत. नंतरच्या दिवसांत लाली पसरत गेली (पेनानं कड आखून ठेवा, ओलांडली की कळतं), ठणका वाढला, पू, वास, ताप, लाल रेघ वर चढली, तर लगेच. आणि बाबांच्या पायाला काहीही झालं, अगदी चणाडाळीएवढं, तर वाट बघायची नाही. बाकीच्यांना दोन दिवस थांबता येतं, त्यांना नाही.

मांजराकाठ, तुमच्या फुकेतबद्दलही: भाजल्यावर साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आणि उघडी जखम घेऊन समुद्रात जायचं नाही. खारं पाणी म्हणजे सलाईन नव्हे, त्यात जंतू राहतात.

---

बालाघाटचा बुवा | १६ एप्रिल, सकाळी ६:१५

टीटी घेऊन आलो काल. नातवानं धरून नेलं. दंड दुखतोय.

---

मांजराकाठ | ६ जुलै, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. आई-बाबा परवा सुखरूप आले.

बाबांनी एप्रिलपासून बूट घातले. केजच्या बाजारात लोक विचारायचे, निवडणुकीला उभे राहताय का. रोज रात्री आई त्यांचे तळवे बघायची, मोबाईलची बॅटरी मारून. सहा आठवड्यांत त्यांना एक फोडही आला नाही.

पडली आई. जिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं ती. रोममध्ये वरचा घुमट बघत चालताना दगडी फरशीत पाय अडकला आणि तळहात, गुडघा दोन्ही सोलपटले. धाकटा घाबरला, टॅक्सी शोधायला लागला. बाबांनी त्याला थांबवलं. रुमाल दाबून धरायला लावला, घड्याळ बघितलं. समोरच रस्त्याकडेला लोखंडी खांबाचा नळ होता, वाकड्या नाकासारख्या तोटीचा. नासोने म्हणतात त्यांना, १८७४पासून बसवत आलेत, शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत, पाणी पिण्याचं. त्याखाली बाबांनी आईचा गुडघा धरला. साबणाची वडी पिशवीत होतीच. आई म्हणत होती, लोक बघायलेत, पुरे. बाबा म्हणाले, अजून चार मिनिटं.

व्हॅसलीन, पट्टी, रोज बदलली. दहाव्या दिवशी नवी कातडी. सोफ्रामायसिन उघडलंच नाही. हळद संपली, धाकट्याच्या जर्मन शेजाऱ्यांनी पिठलं दोनदा मागून खाल्लं.

धाकट्यानं व्हिडिओ काढलाय. आईला पट्टी लावून झाली तरी बाबा नळापाशीच उभे. खांबाला मागून पुढून हात लावून बघतायत. हा विचारतोय, काय शोधताय? तर म्हणे, बंद कुठून करायचा ह्याला. धाकट्यानं सांगितलं, बंद होत नाही, रात्रंदिवस असाच वाहतो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पिशवीतल्या चारही बाटल्या काढून भरून घेतल्या.

---

लातूर एक्सप्रेस | ६ जुलै, रात्री १०:११

मी असतो तर घागर आणली असती.